सोलच्या दुर्मिळ रेकॉर्डवर खरा आवाज कुणाचा? नवख्या शोधकांसाठी मार्गदर्शक

अमेरिकेतल्या १९६०-७० च्या सोल, म्हणजे चर्चच्या गायकीत रुजलेल्या कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताची गोडी लागली की लवकरच असं एखादं गाणं भेटतं, ज्याच्यावर गायकाचं नावच नसतं. किंवा नाव असतं आणि जाणकार सांगतात की ते खोटं आहे. डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फिया, मेम्फिस अशा शहरांत त्या काळी छोट्या रेकॉर्ड कंपन्यांचं पेव फुटलं होतं. त्यांनी मुद्रित केलेली कितीतरी गाणी बाजारात आलीच नाहीत. टेप गोदामात पडून राहिल्या, कंपनी बुडाली, मालक वारला, आणि गाणाऱ्या मुलीचं नाव टेपच्या खोक्यावर कुणी लिहिलंच नव्हतं.

आपल्याला हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. १९४९ च्या 'महल'मधल्या 'आयेगा आनेवाला'च्या तबकडीवर लता मंगेशकरांचं नाव नव्हतं. पडद्यावरच्या पात्राचं, 'कामिनी' असं छापलं होतं. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली आणि नाव कळलं. तिथे विचारायला कंपनी होती, गायिका गात होती. सोलच्या बाबतीत बहुधा यातलं काहीच उरलेलं नसतं, म्हणून पद्धतशीर जावं लागतं.

हे काम भारतात बसूनही करता येतं. मी तसंच करत आलो आहे. नवीन माणूस मात्र जवळजवळ नेहमी चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतो: गाणं ऐकतो, 'हा तर अमुकचाच आवाज' असं ठरवतो आणि मग त्याला जुळणारे पुरावे शोधत बसतो. माझं म्हणणं उलट आहे. आधी वस्तू, मग कागद, मग माणसं, आणि आवाजाची तुलना सगळ्यात शेवटी.

हाताशी काय हवं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि छोटी टॉर्च
- लेबलचे, म्हणजे रेकॉर्डच्या मधोमध चिकटवलेल्या छापील कागदाचे, दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो. रेकॉर्ड तुमच्याकडे नसेल तर मालकाकडून मागवा
- गाण्याची न दाबलेली ध्वनिफाईल. एमपी३ वर भागवू नका
- ऑडॅसिटी हे ध्वनी तपासायचं मोफत सॉफ्टवेअर आणि बरे हेडफोन
- एक तक्ता: तारीख, कुठे पाहिलं, काय सापडलं, कितपत खात्री
- एक वही. फोनवर बोलताना संगणकावर टाइप करत बसलं की समोरच्याला ते ऐकू जातं आणि तो सावध होतो

१. नाव कशामुळे हरवलं ते आधी ठरवा

नाव हरवण्याची मुख्य कारणं तीन आहेत आणि प्रत्येकाचा शोध वेगळ्या वाटेने जातो.

पहिलं कारण ब्रिटनमधलं. इंग्लंडच्या उत्तर भागात तरुण कामगार रात्रभर सोलवर नाचायचे. मँचेस्टरचं ट्विस्टेड व्हील आणि १९७३ ते १९८१ चाललेलं विगन कसिनो ही त्यातली गाजलेली ठिकाणं. या चळवळीला 'नॉर्दर्न सोल' हे नाव लंडनमधले रेकॉर्ड दुकानदार आणि लेखक डेव्ह गॉडिन यांनी दिलं. दुसऱ्या कुणाकडे नसलेली रेकॉर्ड आपल्याकडे असावी अशी डीजेंमध्ये चुरस होती. म्हणून ते लेबलवर कागद चिकटवायचे आणि गाण्याला बनावट नाव द्यायचे. याला 'कव्हर-अप' म्हणतात.

याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फ्रँक विल्सन यांचं 'डू आय लव्ह यू'. डेट्रॉइटच्या मोटाउन या बड्या कंपनीच्या 'सोल' या उपलेबलसाठी (कंपनी ज्या दुसऱ्या नावाने रेकॉर्ड काढते ते; कंपनीच्या अशा नावालाही लेबलच म्हणतात) १९६५ मध्ये तयार झालेली ही रेकॉर्ड बाजारात आलीच नाही, बहुतेक प्रती नष्ट झाल्या. वाचलेली प्रत सत्तरच्या दशकात इंग्लंडला पोचली आणि विगनमध्ये 'एडी फॉस्टर' या नावाने वाजू लागली. त्याच नावाने चोरट्या प्रतीही निघाल्या. पुढे २००९ मध्ये मूळ प्रत पंचवीस हजार पौंडांहून अधिक किमतीला गेली. नवख्यांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: एडी फॉस्टर नावाचा खराखुरा सोल गायकही होता, आणि त्याच्या स्वतःच्या रेकॉर्डही आहेत. बनावट नाव नेहमी हवेतलं असतंच असं नाही. शिवाय 'लास्ट किस' गाणारा जे. फ्रँक विल्सन हा तिसराच माणूस. एका गाण्याभोवती तीन माणसं, आणि घाईत काम करणारा तिघांची चरित्रं एकत्र कालवून मोकळा होतो.

दुसरं कारण म्हणजे कंपनीनेच लेबलवर दुसरं नाव छापणं. १९६२ चं 'ही'ज अ रेबेल' क्रिस्टल्स या गटाच्या नावावर आहे. प्रत्यक्षात गायली डार्लीन लव्ह, तिच्या ब्लॉसम्स या गटासह. मोटाउनमध्ये १९६३ ची डार्नेल्स या गटाची रेकॉर्ड म्हणजे मार्व्हलेट्सच होत्या. रीटा राइट म्हणजे सिरीटा. सुप्रीम्सच्या १९६८ च्या 'लव्ह चाइल्ड'मध्ये डायना रॉसमागे गाणाऱ्या बायका सुप्रीम्स नव्हत्या, तर अँडांटीज हा मोटाउनचा पगारी कोरस होता. तेव्हा लेबलवरचं नाव हा फक्त दावा समजा.

तिसरं कारण म्हणजे कधीच प्रकाशित न झालेली डेमो (गाणं कसं होईल हे दाखवायला केलेलं नमुना-मुद्रण) किंवा टेप. हे सगळ्यात अवघड, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं. इथे खोटं नाव खोडून काढायचं नसतं, एका माणसाला पहिल्यांदा नाव मिळवून द्यायचं असतं.

२. वस्तू वाचायला शिका

रेकॉर्डच्या शेवटच्या खाचेपासून लेबलपर्यंतचा गुळगुळीत पट्टा टॉर्च तिरपी धरून पाहा. तिथे हाताने कोरलेले किंवा ठसा मारलेले आकडे आणि खुणा असतात. लेबलवर काहीही चिकटवता येतं, या पट्टीवरच्या खुणा बदलणं सोपं नाही. कव्हर-अपचा निकाल अनेकदा इथेच लागतो.

काही खुणा पाठ असाव्यात. छोटा त्रिकोण आणि पुढे आकडा असेल तर रेकॉर्ड लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यात दाबली गेली. ते आकडे चढत्या क्रमाने असल्यामुळे त्यावरून साधारण काळ काढता येतो. आरसीएच्या कारखान्याने बाहेरच्या कंपन्यांसाठी काढलेल्या रेकॉर्डवर क्रमांकाचं पहिलं अक्षर वर्ष सांगतं: एस म्हणजे १९६५, टी म्हणजे १९६६, यू म्हणजे १९६७. 'एआरपी' असा ठसा मिशिगनमधल्या ओवासोच्या कारखान्याचा. 'व्हर्च्यू' असेल तर फिलाडेल्फियातला फ्रँक व्हर्च्यू यांचा स्टुडिओ. 'बेल साउंड' न्यूयॉर्कचा.

यातला सापळा असा: रेकॉर्ड जिथे दाबली गेली ते गाणं तिथलंच असेल असं नाही. दक्षिणेतल्या गावात गायलेलं गाणं नॅशव्हिलमध्ये दाबलं जाई. कारखान्याची खूण तुम्हाला काळ देते. गाव मात्र लेबलवरच्या पत्त्यावरून किंवा प्रकाशकावरून (रचनेचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीवरून) काढावं लागतं.

ॲसिटेट हाती आली तर फार जपा. ही ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा थर देऊन एकेक कापलेली नमुना-तबकडी. प्रत्येक वाजवण्यासरशी ती झिजते. ती स्पिरिटने पुसू नका, 'ऐकून तर बघू' म्हणून घरच्या प्लेयरवर लावू नका. पहिलंच वाजवणं चांगल्या यंत्रावर, मुद्रण करतच व्हायला हवं. तिच्या लेबलवर बहुधा स्टुडिओचं छापील नाव आणि हाताने लिहिलेलं शीर्षक असतं. बाकी काही नसलं तरी हे दोन धागे पुरेसे असतात.

टेपच्या खोक्यावर एखादी तारीख, टेक (गाणं मुद्रित करण्याचा एकेक प्रयत्न) क्रमांक, कधी नुसतं आडनाव असतं. टेपच्या सुरुवातीला ध्वनिमुद्रक शीर्षक आणि टेक क्रमांक बोलतो, तो तुकडा डिजिटल करणारे बरेचदा कापून टाकतात. मालकाकडे पूर्ण फाईल आवर्जून मागा. दोन टेकमध्ये कुणीतरी कुणालातरी नावाने हाक मारतं, आणि ती हाक अख्ख्या शोधाची दिशा ठरवू शकते. टेप चिकट झाली असेल तर ती मंद आचेवर तापवण्याचा एक उपाय ऐकिवात येईल. तो १९७० नंतरच्या काही विशिष्ट टेपसाठी आहे, साठच्या दशकातल्या, ॲसिटेट या प्लास्टिकच्या टेपसाठी नाही. हे काम जाणकाराकडेच द्या.

३. गायक सापडत नसेल तर गीतकार शोधा

या लेखातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच. अमेरिकेत १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वी ध्वनिमुद्रणाला केंद्रीय कॉपीराइटच नव्हता. नोंद व्हायची ती रचनेची, म्हणजे शब्द आणि चालीची. म्हणून सरकारी कागदात गायक नसतो, पण गीतकार असतो. आणि गीतकाराला ठाऊक असतं की गाणं कुणी गायलं.

यूएस कॉपीराइट ऑफिसने छापलेले नोंदींचे जाडजूड खंड इंटरनेट आर्काइव्हवर मोफत आहेत. १९४७ ते १९७७ च्या मालिकेत संगीताचा भाग पाचवा. नोंदीत शीर्षक, रचनाकार, हक्कदार, तारीख आणि क्रमांक असतो. टोपणनाव असेल तर कधी कधी खरं नावही. क्रमांकाच्या आधी 'ईयू' असेल तर रचना तेव्हा अप्रकाशित होती, 'ईपी' असेल तर प्रकाशित. डेमोच्या शोधात आपल्याला 'ईयू'च हव्या असतात. १९७८ पासूनच्या नोंदी ऑफिसच्या संकेतस्थळावर थेट शोधता येतात.

१९६३ पर्यंतच्या गाण्यांच्या बाबतीत आणखी एक खजिना आहे. त्या काळच्या कायद्याने २८ वर्षांनी नूतनीकरण करावं लागे. मूळ गीतकार वारला असेल तर नूतनीकरण पत्नी किंवा मुलं करत, आणि तसा उल्लेख नोंदीत असतो. म्हणजे वारसांची नावं आयती मिळतात. १९६४ पासूनच्या गाण्यांना नूतनीकरण आपोआप मिळू लागलं, त्यामुळे तिथे हा धागा क्वचितच सापडतो.

यानंतर बीएमआय आणि एएसकॅप या गीतकारांच्या संस्थांचे शोध-तक्ते बघा. दोन्हींची मिळून 'साँगव्ह्यू' ही सोय आहे. शीर्षक टाकलं की गीतकार, प्रकाशक आणि त्यांचे वाटे दिसतात. शीर्षकं सारखी असतात, म्हणून गीतकाराच्या नावावरून उलटा शोध घ्या: याच माणसाची त्या दोन-तीन वर्षांतली इतर गाणी कुणी गायली? उत्तर पुष्कळदा त्याच वर्तुळात असतं.

सावधान: गीतकाराचं नावही विकलं जायचं. चक बेरीने एकट्याने लिहिलेल्या १९५५ च्या 'मेबलीन'वर रस फ्रॅटो आणि रेडिओवरचे डीजे ॲलन फ्रीड यांचीही नावं गीतकार म्हणून लागली होती. कंपनीचा मालक किंवा डीजे गीतकारांच्या यादीत दिसला तर त्याला बाजूला ठेवा आणि यादीतल्या सगळ्यात अनोळखी नावामागे लागा. खरं काम बहुधा त्यानेच केलेलं असतं.

४. जुनी मासिकं आणि वर्तमानपत्रं

बिलबोर्ड, कॅश बॉक्स आणि रेकॉर्ड वर्ल्ड ही व्यापारी साप्ताहिकं वर्ल्ड रेडिओ हिस्टरी या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेली आहेत. तिथे रेकॉर्डच्या तारखा आणि 'अमुक कंपनीने तमुक गायकाशी करार केला' अशा दोन ओळींच्या बातम्या मिळतात. पण छोटे गायक तिथे फारसे येत नाहीत. ते येतात कृष्णवर्णीयांच्या स्थानिक वर्तमानपत्रांत: शिकागो डिफेंडर, मिशिगन क्रॉनिकल, पिट्सबर्ग कूरियर, फिलाडेल्फिया ट्रिब्यून. नाइटक्लबच्या जाहिराती, शाळेतल्या गुणदर्शनाच्या बातम्या, चर्चमधल्या गायनाचे कार्यक्रम वाचा. सोलचे बहुतेक गट एकाच शाळेतली, एकाच गल्लीतली किंवा एकाच घरातली मुलं असत.

याचं सुंदर उदाहरण ओहायोतल्या कोलंबस शहरातलं आहे. तिथल्या क्लेम प्राइस यांच्या प्रिक्स या छोट्या लेबलच्या टेप एका घरातल्या सामानाच्या विक्रीत मिळाल्या. जुनी गाणी नव्याने काढणाऱ्या शिकागोच्या न्यूमेरो ग्रुप या कंपनीने २००७ मध्ये त्यातली गाणी काढली. त्यात 'पेनी अँड द क्वार्टर्स' एवढंच नाव असलेलं 'यू अँड मी' हे कधीच न निघालेलं गाणं होतं. २०१० च्या 'ब्लू व्हॅलेंटाइन' चित्रपटात ते वाजलं, जगभर पोचलं, आणि तरीही पेनी कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. २०११ मध्ये ओळख पटली: पेनी म्हणजे नॅनी शार्प, आणि क्वार्टर्स म्हणजे तिचे भाऊ. कंपनीने सर्व प्रयत्न करूनही न मिळालेली माणसं एकाच कुटुंबातली निघाली. गटाचं नाव कितीही चमकदार असो, तुम्ही भावंडं आणि वर्गमित्र शोधा.

डेट्रॉइट सार्वजनिक ग्रंथालयातला हॅकली संग्रह, इंडियाना विद्यापीठातलं आफ्रिकन अमेरिकन संगीताचं अभिलेखागार आणि ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठाचं संगीत ग्रंथालय इथल्या ग्रंथपालांना ईमेल करा. प्रश्न एकच आणि नेमका असावा. 'सोलबद्दल काही माहिती द्या' याला उत्तर येत नाही. 'अमुक लेबलच्या फाइलमध्ये १९६७ चं छायाचित्र आहे का' याला येतं.

वादक संघटनांचे करारही उपयोगी, पण मर्यादा ओळखा. अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्सच्या कागदात वादक असतात. गायकांची संघटना वेगळी होती. कागदावर नाव नाही म्हणून तो गायक नव्हता, असा निष्कर्ष काढू नका. ढोलकरी किंवा गिटारवादक सापडला तर मात्र त्याला विचारा, वादकांच्या आठवणी पक्क्या असतात. शिकागोत काळ्या आणि गोऱ्या वादकांच्या संघटना १९६६ पर्यंत वेगळ्या होत्या, त्यामुळे आधीचे कागद शोधताना दोन ठिकाणी पाहावं लागतं.

५. टेपवाल्यांना विचारा

लंडनच्या एस रेकॉर्ड्सचं केंट हे लेबल १९८२ पासून अमेरिकन कंपन्यांच्या जुन्या टेपमधून सोल बाहेर काढतं आहे. सेप्टर-वाँडसारख्या कंपन्यांची अप्रकाशित गाणी त्यामुळेच आपल्यापर्यंत आली. मोटाउननेही 'अ सेलरफुल ऑफ मोटाउन' या मालिकेत आणि पुढे डिजिटल संचांत कोठारातली गाणी काढली. या संचांसोबतच्या पुस्तिका वाचा. त्यांत ध्वनिमुद्रणाच्या तारखा आणि टेपची माहिती असते.

'टेप जळाल्या' हे उत्तर वारंवार मिळेल. ते खरंही असतं: न्यू जर्सीतल्या लाँग ब्रांचमध्ये १९७८ ला लागलेल्या आगीत अटलांटिक रेकॉर्ड्सचा मोठा ठेवा गेला. पण बेटी लाव्हेट यांचं उदाहरण पाहा. या सोल गायिकेने १९७२ मध्ये अलाबामातल्या मसल शोल्समध्ये अटलांटिकसाठी गायलेला आल्बम कंपनीने काढलाच नाही. फ्रेंच संग्राहक जील पेतार यांनी तो मिळवून २००० साली प्रकाशित केला, आणि लाव्हेट यांची कारकीर्द पुन्हा उभी राहिली. टेपच्या प्रती असतात, त्या वेगळ्या पत्त्यावर असतात.

६. आता आवाज

इथवर आलात की तुमच्याकडे दोन-तीन नावं असतील. आता ऐका.

सर्वप्रथम वेग तपासा. चोरट्या प्रती आणि वाईट यंत्रावर केलेल्या नकला वेगात किंवा संथ चालतात. वेग साधारण सहा टक्के वाढला तर पट्टी अर्ध्या स्वराने चढते, आणि भारदस्त बाईचा आवाज कोवळ्या मुलीचा वाटू लागतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झवर चालते. मूळ मुद्रणात विजेची गुणगुण ऐकू येत असेल तर तिच्यावरून खरा वेग काढता येतो. नक्कल इंग्लंडमध्ये झाली असेल तर तिथली ५० हर्ट्झची गुणगुण त्यात मिसळलेली असू शकते, ती वेगळी ओळखा. ऑडॅसिटीत 'पिच' एकटा बदलू नका, 'स्पीड' बदला, कारण टेप जोरात फिरली की दोन्ही एकदमच बदलतात.

मग त्या गायकाची त्याच दोन-तीन वर्षांतली खात्रीची रेकॉर्ड शेजारी ठेवा. एकूण 'भास' कसा आहे हे विचारू नका. श्वास कुठे घेतला जातो, ओळीचं शेवटचं व्यंजन उच्चारलं जातं की गिळलं जातं, कंप स्वर धरताच सुरू होतो की शेवटी येतो, वरच्या स्वराकडे जाताना कोणत्या हरकती येतात, एवढंच नोंदवा. चर्चमध्ये गाऊन तयार झालेल्या गळ्यांत पुष्कळ सवयी समान असतात. म्हणून नुसतं साम्य पुरेसं नाही; फरक शोधा. एक ठळक फरक दहा साम्यांना भारी पडतो.

वाद्यमेळावरून आवाजाचा निष्कर्ष काढणं हा मोठा सापळा आहे. एकच तयार वाद्यमेळ अनेक गायकांना दिला जायचा. वर सांगितलेल्या फ्रँक विल्सनच्या गाण्याच्या त्याच वाद्यमेळावर क्रिस क्लार्क या गायिकेचाही आवाज मुद्रित झालेला आहे. नावांचाही गोंधळ असतो: 'पार्ट टाइम लव्ह' १९६३ मध्ये गाजवणारा लिटल जॉनी टेलर वेगळा आणि १९६८ मध्ये मेम्फिसच्या स्टॅक्स या लेबलवर 'हूज मेकिंग लव्ह' गाणारा जॉनी टेलर वेगळा. आडनाव टेलर, दोघांचेही चाहते हजारो, आणि तक्त्यांत सरमिसळ आजही सापडते.

७. माणसांशी बोलणं

ज्यांना तुम्ही शोधत आहात ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. काही नाहीत. मृत्युलेख आधी वाचा, कारण त्यात भावंडं, मुलं, चर्च यांची नावं असतात आणि 'तरुणपणी अमुक गटात गायचे' ही ओळही. मृत्यूला थोडेच दिवस झाले असतील तर थांबा. दुःखातल्या घरी रेकॉर्डची चौकशी करणं शोभत नाही.

पहिला संपर्क पत्राने करावा. एका पानाचं, मोठ्या अक्षरात, साधं: तुम्ही कोण, कोणतं गाणं, काय जाणून घ्यायचं आहे, आणि पैशांचा काही व्यवहार नाही. माझा अनुभव असा की उत्तर येतं ते बहुधा मुलीकडून किंवा नातवाकडून. त्यांनाच आधी विश्वासात घ्या.

फोन ठरला तर वेळेचं गणित करा. डेट्रॉइट आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा तास असतं. रविवारची सकाळ चर्चची, तेव्हा फोन करू नका. आणि 'मिस्टर', 'मिसेस' असंच म्हणा. त्या पिढीतल्या काळ्या माणसांना गोऱ्या समाजाने उभ्या आयुष्यात पहिल्या नावाने हाक मारून कमी लेखलं आहे. त्यांनी स्वतः सांगेपर्यंत पहिलं नाव घेऊ नये. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना 'अहो' म्हणताना विचार करावा लागत नाही, इंग्रजी बोलताना मात्र तो करावा लागतो.

संभाषण मुद्रित करायचं असेल तर विचारा. कॅलिफोर्निया, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय अशा राज्यांत दोन्ही बाजूंची संमती कायद्यानेच लागते. संमती दिली तरच बटण दाबा.

प्रश्न कसा विचारायचा यावर सगळं अवलंबून आहे. 'हे तुम्हीच गायलंत ना?' असं विचारलंत तर पुरावा तिथेच वाया गेला. पन्नास वर्षांनी कुणीतरी परदेशातून फोन करून कौतुक करतंय, माणूस सहज 'हो' म्हणेल. शीर्षक न सांगता गाणं ऐकवा, शक्य तर इतर दोन गाण्यांमध्ये मिसळून. मग विचारा: स्टुडिओ कुठे होता, जिना चढून जावं लागे का, ढोल कोण वाजवत होतं, त्या दिवशी आणखी काय गायलात. ही उत्तरं तुमच्या कागदांशी जुळली तर ती सोन्यासारखी. नुसतं 'हो'ही खोटं नसतं. डेमो गाणाऱ्यांनी एका दुपारी चार गाणी गायलेली असतात, कोणतं कोणतं ते कसं आठवणार? तसंच नुसत्या 'नाही'नेही फाइल बंद करू नका.

काहींना आठवायचंच नसतं. फसवणूक झालेली असते, पैसे मिळालेले नसतात, आयुष्य पुढे गेलेलं असतं, काही जण आता पाद्री असतात आणि ते दिवस मागे टाकलेले असतात. 'नको' म्हणाले की आभार मानून थांबा.

८. खात्री किती, ते लिहून ठेवा

मी तीन पायऱ्या पाळतो. गायकाने किंवा प्रत्यक्ष हजर असलेल्याने सांगितलं आणि त्याला एखाद्या स्वतंत्र कागदाचा दुजोरा मिळाला तर 'नक्की'. यातलं एकच असेल तर 'बहुधा'. फक्त आवाजावरून असेल तर 'तर्क', मग कान कितीही तयार असो. दोन पुस्तिकांत एकच नाव आहे म्हणून ते दोन पुरावे होत नाहीत. दुसरी पहिलीवरून उतरवलेली असते. प्रत्येक विधानाच्या मुळाशी कोण आहे ते तपासा.

९. गायकाच्या हक्काचं ते गायकाला

तुमचा शोध लागला म्हणजे कुणाला तरी पैसे मिळू शकतात. अमेरिकेत डिजिटल रेडिओवर वाजलेल्या ध्वनिमुद्रणांचं मानधन साउंडएक्स्चेंज ही संस्था वाटते. त्यातला ४५ टक्के वाटा मुख्य गायकाचा. २०१८ च्या कायद्यानंतर १९७२ पूर्वीची मुद्रणंही यात आली. कोरसमधल्यांसाठी वादक आणि गायक संघटनांचा वेगळा निधी आहे. नाव नोंदलेलं नसेल तर वाटा पडून राहतो. कुटुंबाला ही माहिती द्या, अर्ज भरायला मदत करा, आणि त्यातला एक पैसाही घेऊ नका.

टेप विकत घेतली म्हणजे गाण्याचा हक्क मिळत नाही. अप्रकाशित गाणं परवानगीशिवाय नेटवर टाकलंत तर उद्या ते कायदेशीर काढू पाहणाऱ्या कंपनीचं आणि गायकाचंही नुकसान होतं. ओळख पटवण्यासाठी तीस सेकंदांचा तुकडा खाजगीत पाठवणं पुरतं.

१०. नोंद दुरुस्त करा

डिस्कॉग्ज आणि ४५कॅट या रेकॉर्डच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर लेबलवर छापलेलं नाव पुसू नका. डिस्कॉग्जवर छापील नाव तसंच ठेवून ते खऱ्या गायकाच्या पानाशी जोडण्याची सोय आहे, ती वापरा आणि पुराव्याचा उल्लेख टिपणीत करा. मुलाखतीची प्रत, लेबलचे फोटो आणि तुमचा तक्ता वर सांगितलेल्या एखाद्या अभिलेखागाराला पाठवा; गायकाने घातलेल्या अटी पहिल्या पानावर लिहा. कुटुंबाने नाव जाहीर करू नका असं सांगितलं असेल तर नोंदीत 'गायक अज्ञात' हेच राहू द्या, आणि कुणी कितीही आग्रह केला तरी त्यांच्या परवानगीशिवाय ते बदलू नका.